माजरी आणि मांजरी

पुण्याच्या पूर्वेस, हडपसर ओलांडल्यावर, मांजरी नांवाचें गांव लागतें. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यांत, भद्रावती तालुक्यांत, माजरी आहे. दोन नांवांत अंतर काय तें एका टिंबाचें. पण जमिनीच्या नशिबांत केवढें अंतर पडलें आहे तें पाहावें. तिकडे उसाचे फड व बागाइती मळे होते, तेथें आज उंच उंच इमारती उठत आहेत, आणि 2021 सालीं मांजरी बुद्रुक हें गांव पुणें महानगरपालिकेच्या पोटांत गेलें. इकडे कपाशी, तूर व ज्वारी पिकत होती, तेथें कोळशाचे उघडे खड्डे पडले आणि त्या खड्ड्यांतून उपसलेल्या मातीचे डोंगर गांवाच्या उशाशीं येऊन बसले. एका ठिकाणीं जमीन आकाशांत गेली, दुसऱ्या ठिकाणीं पाताळांत गेली. मधल्या मध्यें शेतकरी होता तो कोठें गेला, हें कोणी विचारीत नाहीं.

हा विषय आज घेण्यास एक निमित्त झालें. माजरीकडील एक शेतकरी गृहस्थ मध्यंतरीं आमच्या कचेरींत आले. त्यांचें शेत खाणींत गेलेलें, मोबदल्याची रक्कम बँकेंत पडलेली, आणि हातांत एक गुळगुळीत रंगीत कागद. कागदावर उंच इमारत, हिरवळ, पोहण्याचा हौद आणि हंसणारें जोडपें. नागपुरास वर्धा रोडच्या अंगास नव्या इमारतींत फ्लॅट घ्यावा असें मुलाचें म्हणणें. म्हातारबोवा म्हणाले, “काय करू भाऊ? पोट्टा म्हनते, घेऊन टाका, भाव वाढूनच राह्यले. म्या म्हनलं, घेतो बापा, पन चौथ्या माळ्यावर बैल कुठं बांधू?”

आम्ही हंसलों. ते हंसले नाहींत. ज्याचा जन्मभराचा हिशेब बैल, औत आणि बांध यांवर झाला, त्याला आतां चौरस फुटांचा हिशेब कोणीं तरी समजावून सांगावा एवढेंच त्यांचें मागणें होतें. हा प्रश्न एकट्या त्यांचा नाहीं. एकोना, तेलवासा, ढोरवासा, कुनाडा या पट्ट्यांत असे पुष्कळ घरधनी आहेत. म्हणून त्यांस जें तोंडीं सांगितलें तेंच जरा सविस्तर येथें छापीत आहों.

पहिली गोष्ट ही, कीं शहरांत नवीं घरें कोठें उठत आहेत हें डोळे उघडून पाहावें. नागपूर चारी दिशांनीं सारखें वाढत नाहीं. महाल, इतवारी, गांधीबाग, पांचपावली हा जुना भाग. तेथें गल्ल्या अरुंद, घरें भावकींत वांटलेलीं, एका उंबरठ्यावर सात नांवें. तेथें नवें काम म्हणजे बहुधा जुन्या भिंतीवर एक मजला चढविणें. इमारतींची खरी गर्दी आहे ती दक्षिणेस व नैर्ऋत्येस: मनीषनगर, बेसा, बेलतरोडी, पिपळा, खापरी आणि तेथून जामठ्यापर्यंत वर्धा रोडच्या दोन्ही अंगांस, त्याखालोखाल हिंगण्याच्या वाटेवर. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं जे कोणी माजरीहून रेल्वेनें नागपुरास गेले असतील त्यांस आठवत असेल, कीं बुटीबोरी सोडल्यावर अजनी जवळ येईपर्यंत खिडकींतून शेतेंच दिसत. आतां खापरीपासूनच इमारती सुरू होतात, आणि मधूनच एखादा कपाशीचा तुकडा दिसतो तो तारेच्या कुंपणांत, पाटी लावून विक्रीस ठेवलेला.

हें याच बाजूस कां व्हावें? तेथली माती सोन्याची होती काय? माती तीच, जी भद्रावतीला आहे. फरक एवढाच, कीं त्या बाजूस सरकारनें पैसा ओतला. 2002 सालीं महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी निघाली आणि मिहान नांवाचा मोठा प्रकल्प आला. शिवणगांव, खापरी, तेल्हारा, दहेगांव, कलकुही या गांवांच्या जमिनी त्यांत गेल्या. मार्च 2019 मध्यें खापरी ते सीताबर्डी मेट्रो धांवूं लागली. तेथेंच एम्सचें मोठें सरकारी इस्पितळ आलें. डिसेंबर 2022 मध्यें समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. त्याचेंही तोंड याच बाजूस, शिवमडक्याला. यांतली एकही गोष्ट कोणा बिल्डरनें आपल्या खिशांतून केलेली नाहीं. सारा पैसा सरकारी तिजोरींतला, नाहीं तर सरकारनें तुमच्या आमच्या नांवावर काढलेल्या कर्जाचा. घरांत विकत येणाऱ्या वस्तूंवर आपण जो कर भरतों, त्यांतून तो फिटावयाचा आहे.

रस्ता आला कीं भाव चढतो. तो भाव शेतकऱ्यानें चढविला नाहीं आणि बिल्डरनेंही चढविला नाहीं. तो सर्वांच्या पैशानें चढला. मग तो पडतो कोणाच्या पदरांत? ज्याला नकाशा आधीं दिसला त्याच्या. कोणता पट्टा हिरवा राहणार आणि कोणता पिवळा रंगणार, म्हणजे कोठें शेतीच करावी लागेल आणि कोठें घरें बांधतां येतील, हें ज्याला दोन वर्षें अगोदर कळलें तो शहाणा ठरला. ज्याला तलाठ्याच्या ओट्यावर मागाहून कळलें तो अडाणी ठरला. यांत अकलेचा संबंध फार थोडा आहे. कचेरींत कोणाचें जाणेंयेणें आहे, एवढाच संबंध आहे.

आतां हिशेब. एक एकर म्हणजे 40 गुंठे, एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट; मिळून 43,560 चौरस फूट झाले. समजा, एखाद्यानें शहराकडेचा एकर 50 लाखांस विकला. घरांत 50 लाख आले म्हणजे डोळे दिपतात. पाव्हण्यारावळ्यांची ये-जा वाढते, मोटार दारांत येते. पण फुटाचा भाव काढून पाहिला तर तो 115 रुपयेही भरत नाहीं. त्या पैशांत शहरांतल्या बऱ्यापैकीं हॉटेलांत एक जेवण होतें. पुढें समजा, त्याच जमिनीवर जमिनीएवढेंच, म्हणजे 43,560 फूट, बांधकाम झालें आणि तें फुटाला 4,000 रुपयांनीं विकलें. रक्कम झाली 17 कोटी 42 लाख. आम्ही बिल्डरचे वैरी नाहीं. त्याला सिमेंट आहे, लोखंड आहे, मजुरी आहे, आंतले रस्ते व मोकळी जागा सोडणें आहे, परवानग्या आहेत, बँकेचें व्याज आहे. तो सगळा खर्च फुटामागें 3,000 रुपये धरा. तरी मागें हजार रुपये फुटाला, म्हणजे चार कोटी पस्तीस लाखांवर उरतात. त्यांतून शेतकऱ्याचे 50 लाख वजा करा आणि बाकी काय राहिली ती पाटीवर मांडा. हे आंकडे आम्ही समजुतीसाठीं घेतले आहेत. ज्यानें त्यानें आपल्या शिवारचे घालून पाहावे. आंकडे बदलतील, रीत बदलणार नाहीं: विकणारा एकरानें विकतो, आणि तीच माती पुढें फुटानें विकली जाते. या दोन मापांच्या मधल्या फटींत मोठमोठ्या इस्टेटी झाल्या आहेत.

पूर्वीं आमच्या लोकांस लुबाडतो कोण हें सांगणें सोपें होतें. सावकाराच्या वहींत आंगठा उठे, कुळकर्ण्याच्या दप्तरांत नांव फिरे, आणि कुळाला नोटीस आली म्हणजेच कळे. आज तेवढ्यावर बोट दाखवून सुटतां येत नाहीं. आज इसारपावती घेऊन दारांत येणारा दलाल बहुधा आपल्याच जातीचा, आपल्याच सोयऱ्यांतला असतो. त्याच्या मोटारीच्या कांचेवर शिवछत्रपतींचें नाहीं तर जोतीरावांचें चित्र असतें. तो ‘मामा’ म्हणून पाया पडतो, चहा आपल्याच घरचा पितो आणि मुखत्यारपत्रावर सही घेऊन जातो. त्याच्याविषयीं लिहितांना आम्हांस लाज वाटते, कारण तो आमचाच आहे, आणि त्याला ‘आमचा यशस्वी तरुण’ म्हणून सभेंत हार घालणारेही आम्हीच आहों.

बरें, हीं एवढीं घरें उठतात तीं बेघरांसाठीं उठतात काय? केंद्र सरकारनें नेमलेल्या अभ्यास मंडळानें 2012 सालीं अंदाज केला, कीं देशांतल्या शहरांत सुमारें 1 कोटी 88 लाख घरांची तूट आहे; आणि ज्यांना घर नाहीं अशा शंभर कुटुंबांत पंचाण्णवांवर गरीब व अल्प मिळकतीचीं आहेत. त्याच्याच आदल्या वर्षीं, 2011 च्या शिरगणतींत, शहरांत 1 कोटी 10 लाखांवर घरें रिकामीं आढळलीं. एकीकडे माणूस घराला महाग, दुसरीकडे घर माणसाला महाग. हीं रिकामीं घरें कोणाचीं? त्यांतलीं पुष्कळ अशांचीं, कीं ज्यांनीं घर राहण्यासाठीं घेतलेंच नाहीं, पैसा ठेवण्यासाठीं घेतलें. पूर्वीं मोहरांचा हंडा जमिनींत पुरीत. आतां तो सातव्या मजल्यावर ठेवतात. म्हणून बांधणारा तेथेंच बांधतो जेथें हंडा ठेवणारे आहेत. पांचपावलीच्या विणकराला खोली हवी आहे हें त्याला ठाऊक असतें; पण त्या खोलींत त्याला नफा दिसत नाहीं.

विणकरांवरून आठवण झाली. नागपुरांत जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजीं सुरू झाली. आमच्या कोष्टी, महार, कुणबी, तेली कुटुंबांच्या कित्येक पिढ्या तिच्या भोंग्यावर उठल्या. 1986 सालीं ती सरकारी महामंडळाकडे आली आणि 2002 सालीं बंद पडली. ज्या जागेवर साचे चालत त्या जागेवर आज मॉल आहे आणि फ्लॅट आहेत. मुंबईंत हेंच मोठ्या प्रमाणावर झालें. 18 जानेवारी 1982 पासून सुमारें अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढें गिरण्या एकामागून एक थंडावल्या. 1991 सालीं नियम झाला, कीं गिरणीची जमीन विकसित करावयाची तर तिचे तीन हिस्से व्हावेत: एक मैदानासाठीं नगरपालिकेला, एक गरिबांच्या घरांसाठीं म्हाडाला, एक मालकाला. नियम चांगला होता. 2001 सालीं त्यांत दुरुस्ती झाली: हिस्से करावयाचे ते फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचे, जिच्यावर गिरणीची इमारत उभी आहे ती जमीन धरावयाचीच नाहीं. झालें! लोकांचे दोन हिस्से आटून चिमूटभर राहिले. उच्च न्यायालयानें 2005 सालीं हें चालूं दिलें नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें मार्च 2006 मध्यें ती दुरुस्ती कायम केली. परळ-वरळीचे मनोरे आपण रेल्वेंतून पाहतां ते त्या एका दुरुस्तीच्या पायावर उभे आहेत. कामगारांच्या वारसांना सोडतीनें घरें देऊं केलीं. अर्ज दीड लाखांच्या आसपास, हातीं आलेलीं घरें कांहीं हजार. ज्या गिरणगांवांत नारायण मेघाजी लोखंड्यांनीं कामगारांस एकत्र केलें आणि 1890 सालीं रविवारची सुट्टी मिळवून दिली, त्या कामगारांचीं पणतवंडें आज पहांटेची गाडी पकडून बदलापूर-विरारकडून मुंबईंत येतात.

शेतकऱ्याचें असेंच व्हावें असें कांहीं ब्रह्मलिखित नाहीं. मांजरीच्या अलीकडेच, हडपसरला, मगरपट्ट्यांत शंभरांवर शेतकरी कुटुंबांनीं आपली सुमारें 400 एकर जमीन एकत्र केली. सतीश मगर यांच्या पुढाकारानें त्यांनीं कंपनी काढली. ज्याची जितकी जमीन तितके त्याचे भाग. 2000 सालच्या सुमारास काम सुरू झालें. म्हणजे जमीन त्यांनीं विकली नाहीं; भांडवल म्हणून घातली, आणि फुटाचा भाव आला तेव्हां तो त्यांच्याच कंपनींत आला. मुलांनीं कामाचे ठेके घेतले; ज्यांचे आजे पाण्याच्या पाळीवरून भांडत, त्यांचे नातू एका टेबलाभोंवतीं हिशेब करूं लागले. पुढें सिंहगड रोडला नांदेड गांवच्या शेतकऱ्यांसह याच रीतीनें दुसरी वसाहत झाली.

हें उदाहरण सांगून आम्ही वाचकांस भुलवूं इच्छीत नाहीं. तेथें जमीन सलग होती, बरीचशी एका भाऊकीची होती, शहर दारांत आलें होतें, आणि चार वर्षें पैसा न उचलतां थांबण्याची बागाइती ऐपत होती. कोरडवाहू शेतकऱ्याला थांबणें जमत नाहीं. त्याच्या मुलीचें लग्न थांबत नाहीं, बँकेचा हप्ता थांबत नाहीं. नवी मुंबईंत तर यापुढची गोष्ट झाली. जानेवारी 1984 मध्यें दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखालीं जासईच्या शेतकऱ्यांनीं गोळ्या झेलल्या, पांच जण मेले, आणि त्या बळावर पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यावी असा नियम झाला. रक्त सांडून मिळविलेला तो प्लॉट कित्येकांनीं ताबा मिळण्यापूर्वींच बिल्डरच्या नांवें लिहून दिला. हक्क मिळविण्यास धैर्य लागतें. तो दहा वर्षें हातांत धरून ठेवण्यास घरांत धान्य लागतें. चळवळ करणारांनीं दुसऱ्या गोष्टीचा विचार कमी केला, आम्हीही कमी केला.

माजरीच्या शेतकऱ्याला यांतली कोणतीच वाट मोकळी नाहीं. त्याच्या जमिनीखालीं कोळसा आहे, आणि 1957 च्या कायद्यानें सरकार ती जमीन आपल्याकडे घेतें. त्याला मोबदला आहे आणि दोन एकरांमागें एक नोकरी असा खाण कंपनीचा नियम आहे. दोन एकर ज्याचे भरत नाहींत तो दुसऱ्याशीं मेळ घालून नोकरीसाठीं हेलपाटे घालतो. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या मोबदल्याची रीत कोळशाच्या जमिनींसही 2015 पासून लावली, हा एक आधार. पण खाणींत तो भागीदार नाहीं. एकदां रक्कम घेतली कीं त्याचा त्या मातीशीं संबंध संपला. म्हणूनच ती रक्कम पुढें कोठें जाते याला एवढें महत्त्व आहे, आणि म्हणूनच रंगीत कागदवाले माजरीचा पत्ता शोधीत येतात.

त्या फ्लॅटमध्यें माजरीचें काय नाहीं तें पाहूं. विजेचा दिवा पेटतो तो आमच्या खाणींच्या कोळशावर. सिमेंट येतें घुग्घुस, आवारपूर, उपरवाही, गडचांदूरहून, म्हणजे आमच्याच जिल्ह्यांतल्या चुनखडीचें. विटांत आतां मातीच्या जागीं वीज केंद्राची राख भरतात. त्यामुळें आमच्या कुंभारांच्या भट्ट्या थंड पडूं लागल्या आणि राख मात्र ऊर्जानगरच्या आसपास उडत राहिली. बांधणारे हात गवंड्याचे, सुताराचे, लोहाराचे, बेलदाराचे, वडाराचे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि छत्तीसगडाकडून आलेल्या मजुरांचे. सकाळीं नागपूरच्या ठिय्यावर उभें राहून पाहा: डब्बा, थापी आणि ओळंबा घेऊन शेंदोनशें माणसें उभीं असतात, दहा वाजेपर्यंत ज्याला कोणी नेलें नाहीं तो परत जातो. आणि ज्यांच्या जमिनीखालून सगळें निघतें त्यांचीं घरें कशीं आहेत? ऑगस्ट 2022 मध्यें घुग्घुसच्या अमराई वॉर्डांत एक उभें घर बघतां बघतां जमिनींत गडप झालें. खालीं जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. घरांतलीं माणसें बाहेर पडलीं म्हणून वांचलीं. शेजारपाजाऱ्यांस घरें सोडावीं लागलीं. शहरांत जमिनीवर सात मजले चढतात आणि आमच्याकडे जमिनीच्या पोटांत घर उतरतें.

ठिय्यावरच्या भावांस येथेंच एक गोष्ट सांगून ठेवतों. 1996 च्या कायद्यानें इमारतीच्या खर्चावर शेंकडा एक रुपया उपकर कामगारांच्या कल्याणासाठीं जमा होऊं लागला. महाराष्ट्रांत त्यासाठीं 2011 सालीं मंडळ झालें. वर्षांत 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असला म्हणजे त्यांत नांव नोंदतां येतें, आणि मुलांच्या शिक्षणास, आजारपणास, अपघातास मदत मागतां येते. ठेकेदार दाखला देण्यास कांकूं करतो, कारण दाखला दिला कीं मजूर आपला असें कबूल केल्यासारखें होतें. तो देत नसेल तर ग्रामसेवकाकडे किंवा नगरपालिकेंत जावें. हे पैसे कोणाच्या उपकाराचे नाहींत. थापीच्या टोंकावरून गळलेले आहेत.

आणखी एक गोष्ट जुन्या वाचकांच्या लक्षांत येईल. गांवाला गांवकूस असे आणि कोणीं आंत राहावें, कोणीं बाहेर, हें ठरलेलें असे. नव्या वसाहतीलाही चहूंकडून भिंत असते, दारांत पहारेकरी असतो. ज्या गवंड्यानें ती भिंत रचली तो सहा महिन्यांनीं तेथें गेला तर त्याला विचारतात, ‘कोणाकडे जायचं? वहींत नांव लिही.’ मुंबईंत तर आडनांव ऐकून, किंवा घरांत मटण शिजतें का हें विचारून, फ्लॅट नाकारल्याच्या गोष्टी कितीदां छापून आल्या आहेत. विटा राखेच्या असोत कीं मातीच्या, गांवकूस तसेंच्या तसें उभें राहतें.

आतां म्हातारबोवांच्या कागदाकडे वळूं. बांधकामाचा नवा कायदा 2016 सालीं झाला आणि आपल्याकडे महारेरा नांवाचें प्राधिकरण 2017 च्या मे महिन्यापासून काम करूं लागलें. 500 चौरस मीटरहून मोठी जमीन किंवा आठांहून अधिक फ्लॅट असले, तर नोंदणी केल्याशिवाय जाहिरातही करतां येत नाहीं, आणि जाहिरातीवर नोंदणीचा क्रमांक पाहिजे. आम्ही त्यांच्या कागदावर तो क्रमांक शोधला, आमच्या तपासनिसाचें भिंग आणलें, सांपडला नाहीं. जेथें क्रमांक असेल तेथें मुलाला मोबाइलवर तो घालून पाहावयास सांगावें. काम केव्हां पुरें होणार, तारीख किती वेळां लांबली, हें सगळें तेथें दिसतें. करार नोंदविण्यापूर्वीं किंमतीच्या शेंकडा दहांहून अधिक रक्कम बिल्डरला घेतां येत नाहीं. घेणारांच्या पैशांतले शेंकडा सत्तर निराळ्या खात्यांत ठेवून त्याच कामावर खर्च करावे लागतात. आणि भाव ठरतो तो भिंतींच्या आंतल्या चटई क्षेत्रावर. जिना, गॅलरी आणि हवा यांचे फूट त्यांत मिळवून सांगत असतील तर उठून यावें.

फ्लॅटऐवजीं स्वस्त प्लॉट देतों असें कोणी म्हणेल. नागपुरांत ‘572’ आणि ‘1900’ हे दोन आंकडे जुन्या माणसापुढें उच्चारले तर तो कपाळाला हात लावतो. शेतजमिनीचे तुकडे पाडून, मंजुरी न घेतां विकलेल्या ले-आउटांच्या त्या संख्या. 2001 सालीं गुंठेवारीचा कायदा झाला, तरी पुष्कळ कुटुंबें नळ, गटार आणि मालकीच्या पत्रासाठीं वर्षानुवर्षें सुधार प्रन्यासाचे जिने झिजवीत राहिलीं. बिगरशेती आदेश आणि मंजूर नकाशा डोळ्यांनीं पाहिल्यावांचून इसार देऊं नये, मग दलाल सख्खा मेहुणा कां असेना.

भाड्याचा मोह म्हणाल तर तोही मोजून पाहावा. समजा, 50 लाखांच्या फ्लॅटला महिना 12,000 भाडें आलें. वर्षाचे झाले 1 लाख 44 हजार. म्हणजे शेंकडा तीनसुद्धां नाहीं, आणि त्यांतून देखभालीचा खर्च व कर जावयाचा. भाव वाढेल ही आशा उरते. ती खरी होईलही, पण ज्या बाजूस रस्ता-मेट्रो येऊन चुकली तेथें त्या आशेची किंमत बिल्डरनें आधींच भावांत धरलेली असते.

मोबदल्यांतून पहिल्यानें शेत घ्यावें, कोरडवाहू दोन एकर कां होईना, असें आम्हीं त्यांस सांगितलें. महाराष्ट्रांत जो शेतकरी नाहीं त्याला परवानगीवांचून शेत विकत घेतां येत नाहीं. सगळी जमीन गेली आणि जुना सातबारा हरवला तर उद्यां तुमच्याच नातवाला ‘तूं शेतकरी कशावरून?’ असें विचारतील. म्हणून जुने उतारे, संपादनाची नोटीस, निवाडा हे कागद पत्र्याच्या पेटींत जपून ठेवावेत. मुलींच्या सह्या हक्कसोडीवर घाईनें घेऊं नयेत; 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतींत त्यांचा मुलाइतकाच हिस्सा आहे आणि मोबदल्यांतही तो आहे. फ्लॅट घ्यावयाचाच झाला तर तो घरांतल्या बाईच्या नांवें घ्यावा; एप्रिल 2021 पासून बायकांच्या नांवच्या घराला मुद्रांक शुल्कांत शेंकडा एक सवलत आहे, आणि दारुड्या मुलाला घर परस्पर फुंकतां येत नाहीं हा लाभ त्याहून मोठा.

म्हातारबोवांनीं सगळें ऐकून घेतलें, कागदाची घडी केली आणि पुढच्या बाजारीं मुलाला घेऊन येतों म्हणाले. मुलाचेंही ऐकलें पाहिजे. खाणीच्या धुळींत त्यानें आपलीं लेंकरें वाढवूं नयेत असें त्याला वाटलें तर त्यांत त्याचें काय चुकलें?

ज्या वाचकांनीं शहराकडेची किंवा खाणीकडची जमीन गेल्या वीस वर्षांत विकली असेल, त्यांनीं पुढील गोष्टी पोस्टकार्डावर लिहून कळवाव्यात: गांव कोणतें, साल कोणतें, एकरीं काय भाव मिळाला, त्या पैशाचें काय झालें, आणि आज त्या जमिनीवर काय उभें आहे. नांव छापूं नये असें लिहिलें तर छापणार नाहीं. उत्तरें आलीं म्हणजे गांववार कोष्टक करून याच पानावर देऊं.